मंगळवारची कोंबडी

मी एक जुनी कोंबडी आहे. मित्रांनो, हे वाक्य म्हणण्याचं भाग्य फार थोड्या कोंबड्यांना लाभतं, म्हणून जरा सावकाश सांगते.

माझा जन्म वसईच्या पाचूबंदरात, बेनेडिक्टकाकांच्या परसात झाला. त्यांची बायको कमळीकाकी मासळी विकून आली की आधी आमच्या खुराड्याशी यायची, मग घरात जायची. पुढे ती मोठी साथ आली. धाप लागून माणसं जाऊ लागली. तिसऱ्या आठवड्यात कमळीकाकीही गेली.

ही साथ आली कुठून, हे जगात कोणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या गावाला मात्र ते एका दुपारी कळलं. शेजारचा लेस्टर ओट्याशी येऊन म्हणाला, "बेनेडिक्टदादा, दिवसभर कोंबड्यांत हात असायचा वयनीचा. आनखी कशानं होनार?"

त्या दिवसापासून आमची अंडी कोणी घेईना. काकाही आम्हाला दाणे लांबून फेकू लागले. त्यांच्याही मनात तेच बसलं होतं.

दोन वर्षांनी शास्त्रज्ञ आले. त्यांच्यातल्या मुख्य होत्या हेमांगीताई. त्यांनी आमच्या सगळ्यांचं रक्त तपासायला घेतलं आणि पुढच्या कामासाठी मला निवडलं. माझ्यात काही खास होतं म्हणून नव्हे. पळताना मी सर्वांत मागे होते. पायात चार नंबरचं कडं घालून त्यांनी मला खाडीकाठी पिंजऱ्यात ठेवलं.

"हिवाळ्यात इथे लांबून पाखरं उतरतात," ताईंनी काकांना समजावलं. "साथीचा जंतू पाखरांकडून कोंबड्यांत येत असेल, तर हिच्या रक्तात दिसेल. आठ आठवडे हिच्याजवळ दुसरी कोंबडी नको, नाहीतर जंतू पाखरांकडून आला की तिच्याकडून, ते कळणार नाही."

"आनि नाय दिसला तर?"

"तर हा रस्ता नाही, एवढं कळेल."

दर मंगळवारी ताई पंखाखालून थेंबभर रक्त काढायच्या. मित्रांनो, मी मंगळवारची वाट पाहायचे. सुई टोचते, पण टोचणारा हात उबदार असतो. बाकी सहा दिवस समोर चिखल आणि वर पाखरं. ती सायबेरियातून येतात म्हणे. एवढा प्रवास करून आली, पण माझ्याशी एक शब्द बोलली नाहीत.

पाचव्या आठवड्यात काकांना राहवलं नाही. सोबत म्हणून त्यांनी एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली पोर, माझ्या पिंजऱ्यात आणून सोडली. ती दिवसभर बडबडली. तिच्या बोलण्यात काही अर्थ नव्हता, पण किती बरं वाटलं म्हणून सांगू. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. ताईंनी दोन चोची पाहिल्या आणि वही मिटली.

"काका, आता पुन्हा पहिल्यापासून मोजायचं."

"एकटी होती वो ती," काका म्हणाले. "एकट्यानं दिस कसं काडायचं, मना म्हाईत हाय."

ताई रागावल्या नाहीत. त्यांनी तलंग उचलून काकांच्या हातात दिली. एका दिवसाच्या सोबतीपायी मी आठ आठवडे नव्याने काढले.

शेवटी ताई कागद घेऊन काकांकडे आल्या. "हिच्या रक्तात काही नाही, काका. तुमच्या कुठल्याच कोंबडीत जुन्या लागणीची खूणसुद्धा नाही. काकींना हे कोंबड्यांमुळे झालं नाही."

काका खाली बसले. म्हणाले, "मंग कशानं झाला?"

"माहीत नाही. शोधतोय."

एवढ्या शिकलेल्या बाईने 'माहीत नाही' म्हटलेलं गावाने पहिल्यांदाच ऐकलं. लेस्टरला ते पटलं नाही. त्याने संध्याकाळपर्यंत वटवाघळांना दोषी धरलं. काका मात्र मेणबत्ती घेऊन कमळीकाकीच्या कबरीकडे गेले. आपल्याच कोंबड्यांपायी ती गेली असं वाटून दोन वर्षांत त्यांचा पाय तिकडे वळला नव्हता.

मला खुराड्यात परत सोडलं, तर माझ्याच बहिणींनी टोचून बाहेर काढलं. आठवडेच्या आठवडे दूर राहिलेलीला त्या परकी समजतात. ताईंचं कडं घातलेल्या कोंबडीला कापायलाही कोणी धजत नाही, म्हणून मी म्हातारी झाले. आता ओट्यावर एका टोकाला मी बसते, दुसऱ्या टोकाला काका. ताई कामण गावाकडे साथीचा दुसरा रस्ता तपासताहेत. तिथे त्यांना कोणती कोंबडी मिळाली, कोण जाणे.

मित्रांनो, कारण ठाऊक नसेल तेव्हा 'ठाऊक नाही' म्हणा, आणि शोधणाऱ्याला शोधू द्या. मला ते म्हणता येत नाही, कारण मी कोंबडी आहे. तुमची तशी काही अडचण नाही.