लटारूच्या डोंग्यातलं मीठ

मी एक जुना डोंगा आहे, आणि मित्रांनो, मला माणसांच्या शहाणपणाचा फार वैताग आला आहे.

लटारू ढिवराने मला काटेसावरीच्या एकाच खोडातून कोरलं. आधी कुऱ्हाड, मग छिन्नी, मग पोटात निखारे ठेवून हळूहळू पोकळ करणं. त्याची मुलगी ज्योत्स्ना शेजारी पुस्तक घेऊन बसायची. पानांवर राख उडाली की बापावर रागवायची. तो म्हणायचा, "पुस्तकाले बी थोडी राख लागू दे."

गडचिरोलीच्या जंगलातली आमची नदी. अलीकडे भांगरी, आठवडी बाजाराचं गाव. पलीकडे कोसमटोला, गोंडांची वस्ती. तिकडून मी मोहफुलं आणि चारोळी आणायचो, इकडून मीठ, तेल, साबण न्यायचो. लटारूचा डोंगा म्हणजे आमचा पूल, असं लोक म्हणत. मी तेव्हा तरुण होतो. स्तुती खरी वाटायची.

कोसमटोल्याच्या ग्रामसभेचा अध्यक्ष इसरू. कित्येक वर्षं तोच. विरोधात बोलणाऱ्या घरांना तो तेंदूपानाच्या कामातून वगळायचा, बायकांना सभेत गप्प बसवायचा. सोमारी नावाच्या बाईने घरोघर फिरून लोक जमवले. मोहाचा हंगाम संपला की गोटुलात, म्हणजे गावाच्या सभाघरात, नवा अध्यक्ष निवडायचा असं ठरलं. निम्म्याहून जास्त घरं तिच्या बाजूने होती. मला हे ठाऊक, कारण नदी ओलांडताना बायका डोंग्यापासून काही लपवत नाहीत.

ही गोष्ट भांगरीच्या बाजार समितीपर्यंत गेली. समितीचा प्रमुख चंदन, किराणा दुकानदार, मनाने वाईट नाही. त्याला सोमारीला मदत करायची होती. मदत कोणती, तर कोसमटोल्याला सगळा माल बंद. मीठसुद्धा.

"लोकाईले तरास झाला का लोकच त्याले खाली उतरवतीन," तो घाटावर लटारूला म्हणाला.

"चंदनभाऊ, इसरूकडे ट्रॅक्टर आहे. तो जंगलातून फिरून गडचिरोलीले जाते. तरास कोणाले होईन?"

"तू डोंगा चालव. राजकारण आमाले करू दे."

"डोंगाच त चालवू नाई देऊन राह्यले तुमी."

मित्रांनो, कोसमटोल्यात एक जुना रिवाज आहे. ज्याच्या हातचं मीठ खाल्लं, त्याच्याविरुद्ध गोटुलात तोंड उघडायचं नाही. विकत घेतलेल्या मिठाला हे लागू नाही, दिलेल्या मिठाला आहे, आणि शेवटचं मीठ ज्याचं, बंधन त्याचंच. भांगरीत हे कोणालाच माहीत नव्हतं. पिढ्यान् पिढ्या मीठ विकलं, पण ते खाणाऱ्यांना कधी काही विचारलं नाही.

इसरूने ट्रॅक्टर भरून मीठ आणलं आणि घरोघर वाटलं. फुकट, हसत हसत. घरात म्हातारी माणसं, लहान पोरं. त्यांना अळणी पेज किती दिवस पाजायची? एकेका घराने ओंजळ पुढे केली.

सोमारी नदीवर आली. मी रिकामाच उभा होतो.

"लटारूभाऊ, मीठ आण. इकत आण, उधार आण, कसंबी आण. माह्या घराईले त्याचं नोको खाऊ देऊ."

लटारू चंदनकडे गेला. परत आला तेव्हा त्याने वल्हं माझ्यात आपटलं. चंदनचं उत्तर होतं, "एकाले सूट देली त बंदी कायची राह्यली?" मग लटारूने स्वतःच्या चुलीजवळची मिठाची बरणी उचलली आणि पलीकडे नेली. ती दोन-तीन घरांनाच, तीही चार दिवसच पुरली.

सभा झाली आणि इसरूच अध्यक्ष राहिला. सोमारी एकटी उभी राहिली. बाकीचे जमिनीकडे बघत बसले. इसरू म्हणाला, "भांगरीवाल्यानं तुमाले अळणी मारलं, म्या वाचवलं." यातलं खोटं दाखवणार कसं? आणि चंदनने काय धडा घेतला? बंदी पुरेशी कडक नव्हती, म्हणून त्याने ती आणखी आवळली. मला तोंड असतं तर मी त्याला भर बाजारात ओरडून सांगितलं असतं.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्योत्स्ना गडचिरोलीच्या कॉलेजातून घरी आली होती. ती, लटारू आणि सोमारी माझ्यात बसून बोलत होते. ज्योत्स्ना म्हणाली, मोठे देशही असंच करतात. क्युबावर कित्येक दशकं व्यापारबंदी आहे, तरी सत्ता तिथेच राहिली. दक्षिण आफ्रिकेवर मात्र जगाने बहिष्कार घातला आणि त्याचा उपयोग झाला, असं पुष्कळ लोक मानतात.

"मंग तिथी काऊन झाला?" सोमारीने विचारलं.

"कारणं बरीच आहेत. पण तिथल्या दडपलेल्या लोकांनी स्वतःच तो मागितला होता."

सोमारी म्हणाली, "मले कोणी इचारलं? इचारलं असतं त सांगतलं असतं, इसरूची चारोळी नोका घेऊ. पण ते कसं बंद होईन? ते त चंदनभाऊच मागच्या दारानं घेते."

लटारू इतका हसला की मी डुलायला लागलो. त्याचं ते हसणं माझ्या अंगात अजून आहे.

पावसाळ्यात त्याला ताप आला. गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं, तिथे तो कित्येक आठवडे पडून होता, आणि परत आलाच नाही. वल्हं मात्र माझ्यातच राहिलं.

मला कोणी पाण्यात ढकललं नाही. मी काठावर पालथा पडलो. पाठीवर शेळ्या चढल्या, एका कडेला वाळवी लागली. बंदी चालूच होती, न्यायला काही नव्हतं. मालक गेल्यावर लाकूड काय करतं ते मी तेव्हा शिकलो. ते वाट बघतं.

तेरवीच्या आदल्या दिवशी ज्योत्स्ना आली. तिने मला सुलटं केलं, भेगांत चिंध्या आणि डांबर भरलं. ती रडली नाही. बापाचं वल्हं तिने ओल्या फडक्याने पुसलं, पुन्हा पुसलं. सोमारीला तिने आधीच निरोप पाठवून विचारलं होतं, काय आणू. उत्तर एका शब्दाचं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्यात मिठाची पोती ठेवली. चंदन घाटावर आला.

"ज्योत्स्ना, बंदी आहे."

"बाबाची तेरवी आहे, भाऊ. त्याच्या नावानं वाटून राह्यली."

चंदन पोत्यांकडे बघत उभा राहिला. मग चपला काढून पाण्यात उतरला आणि माझं टोक धरून मला नदीत ढकललं. 

मी वाटभर गळत होतो. ज्योत्स्ना एका हाताने पाणी उपसत होती, दुसऱ्याने वल्हं मारत होती. कोसमटोल्यात तिने दारोदार मीठ दिलं आणि प्रत्येक दारात एवढंच म्हटलं, "लटारूचं आहे."

नवं धान्य खाण्याच्या सणानंतर अध्यक्ष निवडायला पुन्हा सभा भरली. तोवर इसरूचं मीठ मागे पडलं होतं, गावाने शेवटचं मीठ लटारूचंच खाल्लं होतं. त्याच्याविरुद्ध तोंड उघडायचं नव्हतं, आणि त्याच्याविरुद्ध बोलण्यासारखं कोणाकडे काही नव्हतंही. मी पलीकडच्या काठाला बांधलेला होतो. आधी सोमारीचा आवाज आला. मग दुसऱ्या एका बाईचा. मग इतके आवाज एकात एक मिसळले की कोण काय म्हणतं ते कळेना. इसरू मध्येच ओरडत होता आणि कोणी गप्प बसत नव्हतं. निकाल काय लागेल मला ठाऊक नव्हतं. पण गोटुलातून भांडण ऐकू येत होतं, आणि किती महिन्यांनी मला बरं वाटलं.

मित्रांनो, एखाद्या घराचं दार आतून उघडावं असं वाटत असेल, तर आतल्या माणसाला आधी विचारा. त्याचं मीठ तोडू नका. आणि तुमच्या गावात माझ्यासारखा कोणी काठावर पालथा पडला असेल, तर त्याला एकदा सुलटं करून बघा. आम्ही गळतो, पण जातो.