नाडीबाबाची थांबलेली नाडी

धाड गावच्या बाजारात माणसावर माणूस चढला होता. पालाखाली नाडीबाबा डोळे मिटून बसलेले. त्यांचं मनगट धरून किराणावाला भाऊराव ओरडला, "थांबली हो! नाडी थांबली!"

बायकांनी हात जोडले. बाबांनी मोठा श्वास घेतला, नाडी परत सुरू झाली.

"काळीज माह्या हुकमात हाये! दवाखान्याचं लाल औषध काळीज जाळते. माहा ताईत बांधा, दवाखान्याले रामराम करा!"

जनकाबाई मागे दगडावर टेकली होती. डोक्याला रुमाल, तोंडात फोड. स्तनाचा कॅन्सर उलटला होता. केमोच्या लाल औषधाची पुढची खेप उद्या होती. नवरा शंकरराव हळूच म्हणाला, "उद्या नको जाऊ. तुह्या काळजाले काही झालं तं मी काय करू?"

तिला राग आला नाही. राग यायलाही अंगात जोर लागतो. शिवाय त्याची भीती खोटी नव्हती. ते औषध हृदयाला इजा करू शकतं, हे बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं. म्हणून तर त्याच्याआधी हृदय जपणाऱ्या दुसऱ्या औषधाची सलाइन लावत. "धोका बराच कमी होतो, पण पूर्ण जात नाही. तपासत राहू," असं त्या म्हणाल्या होत्या.

ती उठून पुढे गेली. "बाबा, मले पाहू द्या."

तिनं मनगट धरलं. बाबांनी डोळे मिटले. मनगट गप्प झालं. मनगटावर नाडी सापडली नाही की नर्स मानेवर बोटं ठेवते, हे तिनं पाहिलं होतं. तिनं तसंच केलं. मानेत नाडी धावत होती.

"काळीज तं चालू हाये. हात उचला बरं."

"दूर हो, बाई! भस्म होशील!"

"आंग तसंबी जळूनच राह्यलं. उचला."

शंकररावानंच बाबांचा हात वर केला. काखेतून लिंबू टपकन पडलं. ते दाबलं की हाताकडे जाणारं रक्त अडतं. मनगट थांबतं, हृदय नाही. भाऊरावानं लिंबू स्वतःच्या काखेत दाबलं. "अबे, माहीबी थांबली!"

बाबा पाल गुंडाळू लागले. तरी एका बाईनं विचारलंच, "ताईत ठेवू का मंग?"

जनकाबाईनं थकून तिच्याकडे पाहिलं. "डॉक्टरीणबाई सोताच म्हणते, पूर्ण खात्री नाही, म्हणून दर वक्ती तपासते. ज्याले तपासलेलं चालत नाही, त्याच्या हाती जीव काऊन द्यायचा?"

दुसऱ्या दिवशी एसटीत शंकरराव पुटपुटला, "ते काळजाचं औषध आधी देतेत ना?"

"हाव. पण मले नका इचारू," ती डोळे मिटून म्हणाली. "डॉक्टरीणबाईले इचारा. इचारल्यानं कोणी भस्म होत नाही."