राजपत्रात नसलेलं युद्ध

सरकारी छापखान्यात तिला सगळे भिंगबाई म्हणत. डोळ्यांवर जाड चष्मा होताच, वर हातात भिंग. काम राजपत्राची मुद्रितं तपासण्याचं. सरकारचा हुकूम राजपत्रात छापून आल्याशिवाय हुकूमच ठरत नाही, आणि भिंगबाईच्या नजरेखालून गेल्याशिवाय त्यातलं एकही पान छापलं जात नसे. रीत जुनीच होती. समोर बसलेले मामा मूळ कागद मोठ्यांदा वाचणार, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट, आणि ती मुद्रितावर लाल पेन्सिल फिरवणार. मामा घरी बायकोकडे चहासुद्धा पूर्णविरामासकट मागतात, अशी थट्टा चालायची.

भिंगबाईचा एकुलता एक मुलगा लष्करात ट्रक दुरुस्त करायचा. करार चार वर्षांचा. पहिलं वर्ष बरं गेलं, मग सीमेवर तोफा सुरू झाल्या त्या थांबेचनात. हे युद्ध आहे हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. फक्त सरकार सांगत नव्हतं. युद्ध जाहीर करायचं तर संसदेत हात वर करून मत द्यावं लागतं, आणि आपला हात त्यात दिसावा असं कुणालाच वाटत नव्हतं. म्हणून कधी ती ‘मोहीम’ असायची, कधी ‘कारवाई’, कधी ‘सीमेवरील विशेष उपाय’. एकदा कुठल्याशा सूचनेत चुकून ‘युद्धातील जखमी’ असं आलं, तर मंत्रालयातला अधिकारी धापा टाकत छापखान्यात आला आणि स्वतःसमोर तो शब्द बदलून घेऊन गेला. त्या दिवशी भिंगबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पोरं हातपाय गमावताहेत आणि यांना नाव घ्यायची लाज, असं ती मामांना दिवसभर ऐकवत राहिली.

मुलाच्या सुटकेला बावीस दिवस उरले असताना पत्र आलं. देश युद्धात असल्यामुळे आपल्या मुलाची सेवा युद्ध संपेपर्यंत वाढवण्यात येत आहे, एवढाच मजकूर. तिच्या पायाखालची जमीन सरकली. करारात तसं कलम होतंच: सेवा चार वर्षं, युद्ध जाहीर झाल्यास युद्ध संपेपर्यंत. आणि हे संपणार कधी, ते तोफांनाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली ती सुजलेल्या डोळ्यांनी. मामांनी पत्र मागून घेतलं आणि सवयीने मोठ्यांदा वाचायला घेतलं. ‘देश युद्धात असल्यामुळे’ इथवर ते आले आणि भिंगबाईचा हात आपसूक वर गेला. चूक सापडली की ती असाच हात वर करायची.

“थांबा मामा. हे आपण कधी छापलं?”

मामांनी पत्र टेबलावर ठेवलं. असं काही दोघांनीही कधी छापलं नव्हतं.

तरी तिने खात्री करून घेतली. तीन वर्षांचे सगळे खंड काढून मामा आणि ती दोन दिवस जेवणाची सुट्टी न घेता पान अन् पान पाहत बसली. मासेमारीचे नियम होते, वजनमापांचे होते, कारवाईच्या एकशे बारा सूचना होत्या. युद्धाची एकही नव्हती. तिसऱ्या दिवशी तिने खंड पिशव्यांत भरले आणि लष्कराच्या भरती कार्यालयात जाऊन विधी अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवले.

अधिकारी पांढऱ्या मिशांचे, थकलेले. त्यांनी पत्र पाहिलं, खंडांकडे पाहिलं आणि तिच्याकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या.

“बाई, रोज गोळे पडताहेत तिथे. आणि तुम्ही म्हणता युद्ध नाही?”

“मी कुठे म्हणते साहेब? सरकार म्हणतंय. तीन वर्षं म्हणतंय, आणि मीच ते तपासून दिलंय.”

ते बराच वेळ पानं उलटत बसले. मग त्यांनी मुलाच्या तळावर फोन लावला. झालं होतं ते असं: तिथल्या कारकुनाच्या कपाटात मुदतीच्या पत्रांचे दोनच छापील नमुने होते, एक शांतताकाळाचा आणि एक युद्धकाळाचा. डोक्यावरून गोळे जात असताना शांतताकाळाचा नमुना काढायला बिचाऱ्याचा हात धजला नाही. अधिकाऱ्यांनी फोन ठेवला, पत्रावर ‘रद्द’ असं लिहून खाली सही केली आणि हळू आवाजात म्हणाले, “न्या त्याला घरी. संसद पुढच्या महिन्यात भरतेय. तेव्हा हे कलम असंच राहील याचा भरवसा नाही.”

भिंगबाईचा जीव भांड्यात पडला. जिना उतरताना मधल्याच पायरीवर ती बसली आणि पदराने तोंड झाकून हसली. ज्या लबाडीला तीन वर्षं शिव्या घातल्या, तिनेच आज तिचं पोर परत दिलं होतं. शिव्या ती मागे घेणार नव्हती, पण सध्या तिला फार आनंद झाला होता.

ठरल्या तारखेला मुलगा आला. वाळला होता, पण धडधाकट होता. दोन दिवस तो नुसता झोपला आणि ती दारातून त्याचा श्वास पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावरून झाकण पडलं, तेव्हा तो टेबलाखाली शिरला. मग ओशाळून बाहेर आला, खुर्चीवर बसला आणि पिशवीतून सेवामुक्तीचा दाखला काढून त्याने तिच्यापुढे सरकवला.

“आई, तू बघ गं. बरोबर आहे ना सगळं?”

नाव बरोबर होतं. जन्मतारीख, हुद्दा, सेवेची वर्षं, सगळं बरोबर होतं. अगदी खाली एक रकाना होता: युद्धसेवा. त्यापुढे टाइप केलेलं होतं, निरंक. म्हणजे काहीच नाही.

तिने भिंग खाली ठेवलं. मुलगा तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याने समोरचा चहाचा कप घट्ट धरला होता.

“एक चूक आहे,” ती म्हणाली. “धडधडीत चूक आहे. पण तिला हात लावायचा नाही.”

तिने दाखल्याची घडी घातली आणि त्याचा हात कपासकट आपल्या दोन्ही हातांत घेतला.