एकेचाळीस पोरांची तुला

खडकेवाडीच्या शाळेत पोरांना दुपारचं जेवण मिळू लागून जेमतेम महिना झाला होता, आणि जोतीराम गुरुजींच्याच हातून ते बंद पडायची वेळ आली होती.

तोवर सगळं झकास चाललं होतं. दुष्काळ सरून वर्ष उलटलं, तरी पोरांच्या अंगावरून तो अजून उतरला नव्हता. पंचायत समितीकडून दलिया, दूधभुकटी आणि तेलाचा डबा येई. शाळेत स्वयंपाकाला लावलेली मायाक्का सकाळीच चूल पेटवी. दलियात शेंगांचा कूट घाली, बांधावरचा तांदुळजा चिरून टाकी. पातेल्यावरचं झाकण निघालं की पहिलीची पोरं पाढा अर्धवट सोडून नाकानं अभ्यास करू लागत. गुरुजीही मग छडी बाजूला ठेवीत. उपाशी पोटात तेराचा पाढा उतरत नाही, हे वीस वर्षांच्या नोकरीत त्यांना पुरतं कळलं होतं.

अडलं ते एका तक्त्यावर. दर तीन महिन्यांनी प्रत्येक मुलाचं वजन लिहून द्यायचं, पहिला तक्ता समितीचे साहेब सोमवारी स्वतः येऊन नेणार, आणि तक्ता नसेल तर पुढचा शिधा नाही, असा हुकूम होता. शाळेत काटा नव्हता. गुरुजी सायकल मारत बाजारच्या गावी गेले आणि एका ओळखीच्या व्यापाऱ्याचा भलाथोरला तराजू मागून घेऊन आले. शुक्रवारी तो शाळेपुढच्या लिंबाला टांगला. पहिली पोरगी पारड्यात बसते न बसते, तोच तिची आई केराबाई वाऱ्यासारखी आली आणि लेकीला उचलून काखेत मारलं.

"गुरुजी, शिकवाय पाटवली तुमच्याकडं, तोलाय न्हाय!"

तासाभरात शाळा ओस पडली. शनिवारी एकेचाळीसपैकी दोनच पोरं आली, आणि तीही मायाक्काचीच. पातेलंभर दलिया तसाच राहिला.

रविवारी सकाळी गुरुजी मायाक्काच्या दारात जाऊन बसले. ती शेंगा फोडत होती. तिची सासू बजाबाई भिंतीला टेकून ऊन खात होती.

"मायाक्का, माझं चुकलं तरी काय?"

"तराजू कुनाचा आनला?"

"बाजारात बोकडं घेतो ना, त्याचा."

"मग! त्यो तराजू वाडीतलं शेंबडं पोर बी वळखतंय. त्यात बसल्यालं बकरं कदी माघारी आलंय का? आन् तोलल्यालं पोर नजरंला येतंय, ते येगळंच."

गुरुजींनी कपाळाला हात लावला. "अहो, मी करकंबचा. आमच्याकडं गुळाची ढेप आधी काट्यावर ठेवतात, मग बोलतात. मला हे सुचलंच नाही."

"गुळाच्या ढेपंला आई नसती, गुरुजी."

गुरुजी शेंगा फोडायला लागले. भिंतीकडून बजाबाई बोलली.

"तोलायचंच झालं तर तुला करत्यात की आमच्यात. माजा बिरप्पा गोवरातनं उठला, तवा केली व्हती बिरोबाम्होरं. येका पारड्यात पोर, दुसऱ्यात जोंधळा."

"आणि तेव्हा नजर लागत नाही, आजी?"

"तवा पोर कोन तोलतंय? देवाचं धान्य तोलत्यात. पोर आपलं नुसतं बसतंय."

गुरुजींच्या हातातली शेंग हातातच राहिली. "आजी, आणि पोर खाली उतरल्यावर ते धान्य किती भरलं, हे कुणी पाहिलं तर?"

म्हातारी बोळक्या तोंडानं हसली. "बगा की! धान्याला काय नजर लागती?"

"पन त्यो तराजू पयला माघारी न्या," मायाक्का म्हणाली. "आन् तुलेचं धान्य घरी न्यायचं न्हाय. शिजवून पोरांस्नीच घालायचं."

गुरुजींनी त्याच दुपारी तराजू परत केला आणि भुसार दुकानातला दुसरा आणला. पण आडून काम साधणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. संध्याकाळी बिरोबाच्या देवळात बायका जमल्या, तेव्हा त्यांनी सरळ सांगून टाकलं, "बायांनो, धान्याचा जो आकडा येईल, तोच मी पोराच्या नावापुढं लिहून सरकारला देणार आहे. नको असेल तर आत्ताच सांगा."

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. मग केराबाई पुढं झाली. "कळतंय की आमाला, गुरुजी. सरकारला आकडा द्या, देवाला धान्य द्या. माजी लेक तेवडी मला माघारी द्या."

सोमवारी लिंबाखाली जत्रा भरली. पारड्यांना भंडारा लावला. एका पारड्यात पोर, दुसऱ्यात दलिया, आणि दांडी सरळ करायची शेवटची मूठ ज्याच्या त्याच्या आईनं घरून आणलेली. कुणी जोंधळा टाकला, कुणी मटकी, कुणी शेंगदाणे. पोर उतरलं की गुरुजी त्या जागी लोखंडी मापं ठेवून आकडा लिहीत.

निम्मी पोरं झाली असतील, तोच पंचायत समितीची जीप आली. मानसिंगराव साहेबांनी पिवळी पारडी पाहिली आणि त्यांच्या भुवया टोपीला भिडल्या.

"गुरुजी, हे सरकारी काम आहे की देवाचं?"

"तक्ता सरकारी आहे, साहेब. तपासून घ्या."

साहेबांनी तक्ता हातात घेतला. बोट केराबाईच्या लेकीच्या नावावर थांबलं. "ही मुलगी, आठ वर्षं, साडेचौदा किलो? चुकलंय काहीतरी."

गुरुजींनी मुलीला पुढं बोलावलं. तिच्या मनगटाकडं साहेबांनी एकदा पाहिलं, आणि पुन्हा तोलायला सांगितलं नाही. उरलेली पोरं होईपर्यंत ते लिंबाच्या पारावर बसून राहिले. मग पेन उघडून त्यांनी सही केली.

"पुढच्या तीन महिन्यांचा शिधा पाठवतो. तेव्हा पुन्हा तोलायचं."

त्या दुपारी मटकी, जोंधळा, दाणे सगळं एकाच पातेल्यात शिजलं. साहेबांनाही पंगतीत बसवलं. मायाक्का वाढायला उठली, तशी केराबाई तिच्या कानाशी लागली.

"माज्या लेकीला वरचं पातळ नगं वाढू बग. तळातलं घाल. तीन म्हैन्यांनी जड भरली पायजे."

ते मागच्या दोघींनी ऐकलं. "आमच्या बी पोरांस्नी तळातलंच घाल गं!"

मायाक्का डाव उगारून उभी राहिली. "समद्यांस्नी तळातलं कुटनं घालू? पातेल्याला वर आन् खाल असतं का न्हाय?"

"आगं, मग ढवळून वाढ की!" बजाबाई पारावरून ओरडली, आणि मायाक्कानं पदर खोचून, दोन्ही हातांनी, अगदी तळापासून पातेलं ढवळलं.