तीनशे एकावा खण

टंबलरमधल्या कॉफीवर साय धरली होती. श्रीविद्या तिच्यावरच्या सुरकुतीकडे बघत राहिली, कारण पडद्याकडे बघवत नव्हतं — वडिलांचा, अप्पांचा, वादळात समुद्राचं पाणी किती चढेल ते काढणारा प्रोग्राम जुन्या महासंगणकावरून नव्यावर न्यायचा, दोन्हीकडचे आकडे जुळले की संध्याकाळपर्यंत संगणक केंद्राला तसं कळवायचं, एवढंच तर काम. आणि आकडे जुळत नव्हते. सकाळी तिनं सगळ्या तपासण्या चालू ठेवून तो पुन्हा कंपाइल करून चालवला, तेव्हा नव्या यंत्रानं नेमक्या ओळीवर बोट ठेवलं. तक्ता तीनशे खणांचा, आणि प्रोग्राम वाचतो तीनशे एकावा... जो नाहीच. जुन्या यंत्रात तिथं योगायोगानं शून्य असायचं, म्हणून तीस वर्षं कुणाला काही कळलं नाही. ती ओळ दुरुस्त केली, तर वादळात समुद्राचं पाणी अप्पांच्या आकड्यापेक्षा हातभर वर चढतं. त्यांच्याच आकड्यावरून किनाऱ्याचे बांध घातले गेले, त्यासाठी त्यांना मिळालेली शाल अजून कपाटात आहे.

नाहीतर, तिच्या मनात आलं, त्या खणात आपल्या हातानं शून्य भरायचं. झाकली मूठ म्हणतात ना, ती हीच. मी भरूनही पाहिलं, दहा मिनिटांपूर्वी — सहाव्या दशांश स्थळापर्यंत जुळलं. ज्यांनी ओसरीवर चिंचोके मांडून मला मोजायला शिकवलं, त्यांचीच चूक मी झाकायची? आणि नाही झाकली, तर एक्याऐंशीव्या वर्षी त्यांच्याजवळ उरेल काय?

मागच्या गल्लीतले रेशमाचे माग जेवणासाठी थांबले. अप्पा झोपाळ्यावर बसून केळीची पानं पुसत होते.

"जुळलें कां गे?" त्यांनी घरातल्या जुन्या, तमिळमिश्रित मराठीत विचारलं.

"नाहीं, अप्पा. तुमच्या प्रोग्रामांत एक चूक आहे."

पान पुसणारा हात थांबला नाही. "शेवटल्या खणाच्या पुढें कां?"

तिनं खण सांगितलाच नव्हता.

"बांध झाल्यावर दिसलें मज," अप्पा म्हणाले. "कोणास सांगूं तेव्हां?... सरि, असूं दे, जेवायास ये."

सकाळपासून ती त्यांच्यासाठी रडू आवरून बसली होती. आता ते आवरायची गरज नव्हती, आणि रडू येतही नव्हतं. त्यांचा राग यायला हवा होता, तोही येईना. शून्य भरलेली फाइल पडद्यावर तशीच होती, ती पुसायला आपलाही हात उठत नाही हे तिला दिसत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःची भीती वाटली.