पाच अँपिअरची तार

सगुणानं घरातला फ्रिज बंद केला, पंखा बंद केला, देव्हाऱ्यातला बारका बल्बसुद्धा मालवला आणि मीटरपुढे स्टूल घेऊन बसली.

"आता लाव रे चंदू. आधी संथ गाणं."

साऊंडवाल्या चंदूनं शेजारच्या मांडवात गाणं लावलं. मीटरमधली चकती आरामात फिरू लागली. मग तिनं ढोलाचं गाणं फुल्ल आवाजात लावायला सांगितलं, तशी चकती मागं कुत्रं लागल्यासारखी पळाली.

गाणं बंद करून चंदू दारात आला. "काकी, खोक्यावर वॉट लिवलेत की. मीटर कशाला बघताय?"

"खोक्यावर कुणीही काहीही लिहितं."

हे तिच्या नवऱ्याचं, गोविंदाचं वाक्य. गावात पहिला लाऊडस्पीकर त्यानं आणला आणि चकतीवरून वीज किती ओढली जाते याचा अंदाजही तिला त्यानंच शिकवला. संथ गाण्याला चार अँपिअर, ढोलाला दहा-अकरा. चंदूची पाठ वळताच तिनं फ्यूज काढला, जाड तार सोडवली आणि पाच अँपिअरची बारीक तार घातली.

मांडव तिच्या दिराचा, काळुरामचा. आज त्याच्या मुलाची हळद. त्याच्या मीटरवर दिव्यांचाच भार झाला, म्हणून साऊंडसाठी लाइन मागायला तो स्वतः आला होता. "घ्या की भावजी," म्हणून सगुणानं चहाही पाजला होता.

पाच वर्षांपूर्वी तिच्या शकूच्या हळदीत साऊंडची लाइन काळुरामच्या घरातून होती. सकाळी खाडीकडच्या जमिनीवरून भांडण झालं आणि ऐन नाचात आवाज गेला. फ्यूज उडाला, असं सांगून काळुराम पान खात बसला. गोविंदानं जाऊन पाहिलं, फ्यूज शाबूत होता. गावभर आवाज पुरवणारा माणूस पोरीच्या हळदीत मुक्या स्पीकरांजवळ उभा राहिला. वर्षाच्या आत गेला. भावाशी बोलला नाही तो नाहीच.

संध्याकाळी हळद रंगली. सगुणा आपल्या दारात सुपारी कातरत बसली. संथ गाणी झाली, तार टिकली. आता काळुराम पोराला खांद्यावर घेऊन नाचायला उठणार, चंदू आवाज वाढवणार. तिला घाई नव्हती.

काळुराम उठला, पण त्यानं माइक घेतला.

"शकूचे हळदीत फ्यूज उडाला नव्हता. मीच मेन स्विच खेचला होता." त्यानं बायकांत बसलेल्या शकूकडे हात केला. "दादाला सांगायचा राहून गेला. आज पयला नाच माज्या शकूचा. चंदू, फुल्ल कर."

शहाडच्या सासरहून आलेली शकू लाजत, हसत मधे आली.

सगुणा उभी राहिली. जाड तार घालायची तर फ्यूज काढायला हवा, म्हणजे आवाज तिनंच तोडायचा. ती तरातरा मांडवाकडे गेली आणि चंदूला हातानं खुणा करू लागली, कमी कर, कमी कर. चंदूला वाटलं, काकी खुशीत आली. त्यानं आणखी वाढवला.

शकूनं पहिली गिरकी घेतली आणि ढोल मधेच तुटला.

सगळे चंदूकडे बघायला लागले. काळुराम माइक धरून चहूकडे वळत सांगत होता, "मी हितंच हाय. बघा, हितंच हाय मी." त्याचा आवाज पहिल्या रांगेपलीकडे पोचत नव्हता.

शकूनं वर उचललेला हात खाली घेतला आणि ती आईजवळ आली. गोविंदाचीच पोर ती.

"आई, तार कितीची घातलीस?" तिनं हळूच विचारलं.

सगुणानं पदर सावरला. तो सावरलेलाच होता.