भाऱ्याची तार

या, असे पुढे सरकून बसा. मागच्या बाकावर माझा आवाज पोचायचा नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. हिच्यात ओरडणं एकदाच आहे, ते त्याच्या जागी येईल. पूर्वरंग लांबवत नाही. देवाचं नाव घेतो आणि ल्युएलाच्या शेडचं दार उघडतो.

ते उघडायला तिला पहार लागली. कडी गंजलेली, उंबऱ्याशी मातीचा थर, आणि आत ताडपत्रीखाली ट्रॅक्टर. शेतातला अवाढव्य नव्हे. बागेतला, गवत कापायचा, शेतातल्या ट्रॅक्टरशेजारी उभा केला तर गाईजवळ वासरू. एके काळी चेरीसारखा लाल होता. ल्युएलाच्या नवऱ्याने, ऑरिनने, तो हौसेने घेतला आणि घरच्या अंगणापेक्षा चर्चच्या दफनभूमीतच जास्त फिरवला. विस्कॉन्सिनच्या या डोंगरकुशीत आमचं चर्च उतारावर, आणि दफनभूमी त्याहून उतारावर. मेलेल्यालाही इथे पाय रोवून झोपावं लागतं, असं लोक म्हणायचे. दर शनिवारी ऑरिन तिथलं गवत कापी. "प्रार्थनेत गायला मला गळा नाही दिला देवाने," म्हणायचा, "म्हणून त्याच्या पाहुण्यांची हजामत करतो."

त्याच उतारावर, त्याच ट्रॅक्टरखाली तो गेला. यंत्र मागे घरंगळलं आणि बांधावरून उलटलं. सीटखालच्या पेटीत बाटली फुटलेली होती, आणि ऑरिनच्या सदऱ्याला बिअरचा वास. शेरीफ आला, वास घेतला, टोपी काढली. पुढे त्याने काही विचारलं नाही. गावानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

कारण ऑरिन पूर्वी प्यायचा, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. अपघाताच्या आधीच्या ईस्टरला तो वेदीपुढे गुडघे टेकून बसला आणि बायकोचा हात धरून म्हणाला, "आजपासून थेंब नाही." तिने त्यावर विश्वास टाकला. मग ही बाटली निघाली.

आमच्याकडे नवऱ्याच्या थडग्याच्या दगडावर बायकोचंही नाव कोरून ठेवतात. जन्माचं साल घालतात आणि मरणाची जागा मोकळी सोडतात. ल्युएलाने पाथरवटाला सांगितलं, "एकच नाव." त्या नावाशेजारची जागा तीसेक वर्षं कोरी राहिली. ती शाळेच्या स्वयंपाकघरात राबली, चर्चमध्ये गायली, सगळ्यांच्या मयताला बटाट्याच्या पोळ्या करून नेल्या. ऑरिनच्या दगडावर मात्र एक फूल तिने कधी ठेवलं नाही.

मग एका वर्षी ठरलं, चर्च बंद करायचं. माणसंच उरली नव्हती. सप्टेंबरात शेवटची उपासना. त्याआधी कॉफी पिताना विषय निघाला, त्या दिवशी दफनभूमीचं गवत कोण कापणार? कुणी म्हणालं, शहरातून माणूस बोलावू. ल्युएलाच्या तोंडून निघून गेलं, "ऑरिनचा ट्रॅक्टर कापेल."

सगळे आपापल्या कपात बघू लागले. ती असं का बोलली हे तिचं तिलाही कळलं नाही. रागही म्हातारा होतो, त्यालाही कुठेतरी टेकावंसं वाटतं.

समोरच्या घरात ऑरिनचा थोरला भाऊ राहायचा, व्हर्लिन. एकटाच, लग्न न केलेला. ऑरिन गेल्यापासून दर हिवाळ्यात ल्युएलाच्या दारातला बर्फ तो उपसायचा. ती उठायच्या आत वाट मोकळी. तिचं फाटक, तिची कपड्यांची दोरी, तिच्या चिमण्यांना दाणे ठेवायची पेटी, सगळं तोच दुरुस्त करी. "असा दीर देवाने द्यावा," बायका म्हणायच्या, आणि ल्युएला मान डोलवायची. पहार घेऊन ती शेडपाशी दिसली तसा व्हर्लिन रस्ता ओलांडून आला.

"भंगार आहे ते. भंगारात दे."

"तुझा सल्ला कुणी मागितला?"

"त्याने माणूस खाल्लाय, ल्युएला."

"माणसाने स्वतःला खाल्लं. लोखंडाला कशाला बोल लावतोस?"

व्हर्लिन रस्ता ओलांडून परत गेला. दुसऱ्या दिवशी मात्र एक बादली घेऊन आला, ती पालथी घातली आणि शेडच्या दारात बसला. मग रोजच येऊन बसू लागला.

तो उन्हाळा त्या शेडमध्ये गेला. इंजिन जाम होतं. ल्युएलाने प्लग काढून त्या भोकातून तेल ओतलं आणि ते मुरत ठेवलं. रोज सकाळी इंजिनाचं चाक हाताने मागेपुढे हलवून बघायची, लोणच्याची बरणी हलवावी तसं. टाकीत गंज होता. तिच्यात व्हिनेगर आणि मूठभर नट-बोल्ट घालून ती टाकी मांडीवर घेऊन खुळखुळवत बसली.

"बाळ रडतंय का?" व्हर्लिनने बादलीवरून विचारलं.

"तुझ्यासारखं बसून राहत नाही एवढं खरं."

कार्बोरेटर उघडला तेव्हा तो म्हणाला, "हे काही तुझ्या शाळेतलं सूप नाही."

"सूपच आहे. बारीक भोकं बुजली की खालचं वर येत नाही. तीनशे पोरांना जेवू घातलंय मी, याचं एकच तोंड आहे."

हे सगळं तिला ऑरिनने शिकवलं नव्हतं. तो काम करताना ती दिवा धरून उभी असायची, तेवढंच. पण दिवा धरणाऱ्याला सगळं दिसतं.

एक दिवस इंजिन धडधडलं. निळा धूर शेडभर झाला. ल्युएला खोकत, हसत बाहेर आली. हसता हसता तिच्या लक्षात आलं, या आवाजाची ती शनिवारी दुपारी वाट पाहायची. हा आवाज जवळ आला की बटाटे चुलीवर चढायचे. ती हसायची थांबली.

व्हर्लिन हसला नव्हता. "ब्रेकचं मी बघतो," तो म्हणाला. हे त्याने आधीही दोन-चारदा म्हटलं होतं. "खाली सरपटावं लागेल. तुझे गुडघे..."

"माझे गुडघे देवापुढे टेकतात ना? मग इथेही टेकतील."

"मी बघतो म्हटलं ना!"

त्याचा आवाज चढला, तसं तिने चमकून पाहिलं. तो कधी आवाज चढवत नसे.

रंग आणायला व्हर्लिन गावात गेला त्या सकाळी ल्युएलाने मागचं चाक ओंडक्यावर चढवलं, पोतं अंथरलं आणि खाली शिरली. या ट्रॅक्टरला एकच पॅडल. अर्धं दाबलं की इंजिनाची ओढ सुटते, पूर्ण दाबलं की ब्रेक लागतो. पॅडलपासून एक लांब सळई मागे ब्रेकच्या दांडीपर्यंत जाते. दांडीच्या भोकात सळईचं टोक, आणि ते निसटू नये म्हणून त्यात एक पिन. बोटाच्या पेराएवढी.

सळई लोंबत होती. पिन नव्हती. दांडीच्या भोकात तारेचा एक तुकडा अडकलेला होता, मधोमध झिजून तुटलेला.

गवताचे भारे बांधायची तार. आमच्याकडे या तारेने काय बांधत नाहीत? फाटक, बादलीची कडी, चष्म्याची काडी. गवत कापून शेतात पडलेलं, आभाळ भरून आलेलं, तेव्हा दुकानात पिन आणायला कोण जातो? तार घालायची, पीळ द्यायचा, आणि म्हणायचं, गवत आत आलं की नीट करू. अख्खी खोरी अशी तारेवर चालतात.

पण पिळाला चेहरा असतो. ऑरिन तार पिळून पकडीने तोडायचा आणि टोक तसंच उघडं सोडायचा; त्यात अडकून तिच्या किती चादरी फाटल्या, त्यावरून किती भांडणं झाली! या तुकड्याचं टोक मात्र दोनदा मुडपून, चपटं करून आत खोचलेलं होतं. असं टोक ती रोज पाहत होती. फाटकावर, कपड्यांच्या दोरीवर, चिमण्यांच्या पेटीवर.

ती तशीच उताणी पडून राहिली. तो उतार तिच्या डोळ्यांपुढे आला. ऑरिनने थांबायला पॅडल दाबलं असेल. इंजिनाची ओढ सुटली, ब्रेक लागलाच नाही. त्याने आणखी जोरात दाबलं असेल. माणूस दुसरं काय करणार?

व्हर्लिन रंगाचा डबा घेऊन आला तेव्हा ती त्याच्या बादलीवर बसली होती. तिने तळहात उघडला. त्याने पाहिलं आणि डबा हळूच खाली ठेवला.

"एका दिवसापुरती घातली होती," तो म्हणाला. "पिन तुटली होती. गवत पडलं होतं शेतात, मला त्याचे हात हवे होते. तो म्हणाला, मी आणतो पिन. मी म्हटलं, वेडा आहेस का, दोन मिनिटांचं काम."

"तुला कळलं कधी?"

"ट्रॅक्टर उचलला तेव्हाच. सळई लोंबताना दिसली."

ल्युएलाने तार मुठीत मिटली. तिला पुढचं विचारायचं नव्हतं, पण विचारल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"बाटली?"

व्हर्लिनने दाराची चौकट धरली. "माझी. तार घालताना पीत होतो. अर्धी उरली, झाकण दाबून पेटीत टाकली आणि विसरलो. तो शिवतही नव्हता, ल्युएला. मी पुढे केली तर म्हणाला, मी शब्द दिलाय."

"आणि तू गप्प राहिलास."

"शेरीफने विचारलंच नाही. मग तू दगडावर एकच नाव घातलंस. मग... रोज वाटायचं, उद्या सांगू."

"म्हणून बर्फ उपसलास."

तो जायला वळला.

"ऐक," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "त्याचं चांगलं नाव त्या चर्चमध्ये गेलं. देवाच्या घराला कुलूप लागायच्या आत ते तिथेच परत यायला हवं. रविवारी उभा राहा आणि सांग. मी सांगणार नाही. मला तो हक्क नाही. मी तर त्याची बायको असून बाटलीवर विश्वास ठेवला."

मग तिने नवी पिन आणली, स्वतः घातली, तिचे दोन्ही पाय फाकवून वळवले. रंगाचा डबा उघडलाच नाही. ट्रॅक्टर गंजकाच राहिला.

रविवार उजाडला. आमच्या पास्टरबाई अर्धं प्रवचन गाऊन सांगतात. बोलता बोलता जुन्या स्तोत्राची ओळ धरतात आणि माणसं नकळत मागे म्हणू लागतात. त्या दिवशी तसंच झालं, फक्त मागे म्हणणारे आवाज थोडे आणि थकलेले. मग त्या म्हणाल्या, "ज्याला या घराची आठवण सांगायची असेल, त्याने उभं राहावं." कुणी आपलं लग्न सांगितलं, कुणी छत गळायचं ते सांगितलं. व्हर्लिन उठला. पुढचं बाकडं दोन्ही हातांनी धरलं. ल्युएलाने डोळे मिटले.

"ऑरिन," तो म्हणाला, "गवत सरळ कापायचा."

आणि खाली बसला.

ल्युएला उठून बाहेर गेली. शेवटचं स्तोत्र तिने बाहेरूनच ऐकलं. माणसं बाहेर येऊन जेवणाच्या टेबलांभोवती जमली तोवर तिने इंजिन सुरू केलं होतं. थडग्यांच्या ओळींमधून कापत कापत ती वर चढू लागली. उताराच्या पायथ्याशी, जिथे बांध होता तिथे, व्हर्लिन काठी टेकून उभा राहिला. ट्रॅक्टर घरंगळला असता तर थेट त्याच्या अंगावर आला असता.

त्याच्या शेजारच्या खुर्चीत आसेनबाई होत्या. नव्वदीच्या, ठार बहिऱ्या. त्या गावातल्या प्रत्येकाला त्यांनी रविवारच्या शाळेत बायबल शिकवलेलं. ल्युएलाला वरून दिसलं, बाई त्याची बाही ओढतायत. त्याने काहीतरी पुटपुटलं. बाईंनी कानाला हात लावला, काठी आपटली. त्याने पुन्हा तोंड हलवलं. बाईंनी पुन्हा काठी आपटली. इंजिनाच्या धडधडीत ल्युएलाला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. तिला एवढंच दिसलं की त्याचं तोंड मोठं मोठं उघडतंय, मानेच्या शिरा ताठल्यात, आणि टेबलांपाशी एकेक माणूस हातातली बशी तशीच धरून वळतंय.

ती ऑरिनच्या दगडापाशी आली होती. तिने पॅडल पूर्ण दाबलं. ब्रेक लागला. ट्रॅक्टर त्या उतारावर खिळल्यासारखा थांबला. तिने इंजिन बंद केलं, आणि त्या शांततेत खालून आवाज आला.

"मोठ्याने बोल! पोर होतास तेव्हाही असाच पुटपुटायचास!"

"माझी होती, बाई! तार माझी, बाटली माझी! तो प्याला नव्हता! त्याने थेंबही घेतला नव्हता!"

डोंगराने ते परत पाठवलं. पास्टरबाईंच्या हातात चर्चची किल्ली होती, ती तशीच हातात राहिली. ज्यांनी ऑरिनला नावं ठेवली होती, त्यांतले बहुतेक त्या उतारावर ल्युएलाच्या आजूबाजूला झोपलेले होते. त्यांना ऐकू गेलं की नाही, देव जाणे. आसेनबाई तेवढ्या, आमच्याकडची म्हातारी माणसं हळहळताना म्हणतात तसं, "उफ् दा," म्हणाल्या आणि त्याची बाही सोडून दिली.

ल्युएला ट्रॅक्टरवरून उतरली. गुडघे टेकून तिने दगडावरचं कापलेलं गवत हाताने झटकलं. व्हर्लिन वर आला नाही, आणि खालीही कुणी त्याच्याजवळ गेलं नाही.

त्या हिवाळ्यातही तिच्या दारातली वाट रोज सकाळी मोकळी असायची. फावड्याचा आवाज आला की ती पडदा ओढून घ्यायची. दगडावरच्या कोऱ्या जागेत आता तिचं नाव आहे. पाथरवट म्हणाला, नवीन अक्षरं जुन्यांशी जुळणार नाहीत. ती म्हणाली, न जुळू देत.

ते चर्च आता कुलपात आहे. तिथे कुणाचं नाव घेऊन प्रार्थना होत नाही. म्हणून तुम्हालाच मागणं आहे. आज घरी जाऊन देवापुढे हात जोडाल, तेव्हा आपल्या माणसांच्या नावांमागे एक नाव जोडा. ऑरिन टोस्ट्रुड. त्याने शब्द दिला होता आणि तो पाळला होता. त्याची आठवण ठेवा.